सातवा रकाना

सिनेमातल्या इन्स्पेक्टरची स्मृती पहिल्या दहा मिनिटांत गेली. डोक्यात लोखंडी सळई बसली, तो पडला, उठला आणि त्याला स्वतःचं नावही आठवेना. मग वरिष्ठांनी त्याला रजा द्यायची सोडून एका खुनाचा तपास दिला. हिंदी सिनेमात पोलीस खात्याला माणसांची फार टंचाई असते.

मध्यंतरापर्यंत पुढच्या रांगेतल्या लहान मुलांनाही कळलं होतं की खून यानेच केलाय. त्याला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी डोक्यात दुसरी सळई बसली आणि सगळं आठवलं.

माझ्या एका बाजूला योगेश बसला होता, दुसऱ्या बाजूला बाबा. योगेश ढोले हिंजवडीला माझ्याच कंपनीत, मूळचा अमरावतीचा. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं आणि होणाऱ्या सासऱ्यांना सिनेमा दाखवावा ही त्याची कल्पना. मध्यंतरात तो बाबांना घेऊन बटाटेवडे आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी जीव मुठीत धरून बसले होते. आले तेव्हा दोघेही हसत होते आणि वडे थंडगार होते.

"कसा वाटला, काका?" बाहेर पडल्यावर योगेशने विचारलं.

"खुर्च्या चांगल्या आहेत," बाबा म्हणाले. "पण एवढा मोठा इन्स्पेक्टर, त्याने शेजाऱ्यांना विचारलं नाही. अख्ख्या सिनेमात एकदाही नाही. बंदूक घेऊन गोदामातून पळतोय काय! स्वतःच्या गल्लीत चार माणसांना विचारलं असतं तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता."

योगेश मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता, तीस वर्षांचा अनुभव होता.

माझे वडील, बापूराव, स्थळांची चौकशी करतात. हे फक्त मला ठाऊक. धायरीतल्या आमच्या गल्लीला वाटतं की ते कसल्यातरी सर्वेक्षणाचं काम करतात. योगेशलाही मी तेच सांगितलं होतं. चौकशी करणारा माणूस म्हणून एकदा नाव झालं की लोक त्याच्यासमोर हवापाण्याबद्दलच बोलतात. म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं 'खात्री वधूवर चौकशी' असतं आणि खाली पोस्टातल्या टपाल पेटीचा क्रमांक.

पूर्वी या धंद्यात फार दम नव्हता. मुलगा सदाशिव पेठेतला असेल तर त्याच पेठेत एक आत्या गाठली की तीन पिढ्या हाती लागायच्या. मग कंपन्या आल्या. अकोल्याचा मुलगा हिंजवडीत, लातूरची मुलगी हडपसरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि शेजाऱ्याला याचं आडनावही माहीत नाही. तिकडे गावी आईबापांना झोप येईना. तेव्हापासून बाबांची टपाल पेटी कधी रिकामी नसायची.

त्यांची एक पद्धत होती. माणसासमोर कधी कागद काढायचा नाही. "कागद काढला की माणूस साक्ष देतो," ते म्हणायचे, "मला गप्पा हव्यात." दिवसभरात सात-आठ जणांशी बोलायचं, सगळं डोक्यात ठेवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढायचं. मी ते टाइप करायची. अहवालात नऊ रकाने. पहिल्या सहांत लोक फुगवून सांगतात, शेवटच्या दोनांत मतं असतात, आणि लग्नं मोडतात ती सातव्यात. सातवा रकाना म्हणजे घराण्यात आजार.

दोन वर्षांपूर्वी हडपसरच्या एका मुलाच्या अहवालात त्यांनी लिहिलं, दोन बहिणी, धाकटी लग्नाची. त्या मुलाला बहीणच नव्हती. त्या बहिणी आधीच्या महिन्यातल्या दुसऱ्याच मुलाच्या होत्या. पुढच्या अहवालात नाशिकचे काका साताऱ्याला गेले. मग मी रक्तदाब दाखवायच्या निमित्ताने बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं, आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं आणि हळूहळू वाढत जाईल म्हणाले. बाबांना मी रक्तदाब उत्तम आहे असं सांगितलं.

तेव्हापासून मी शनिवारी बाबांच्या मागोमाग त्याच माणसांना भेटून यायची आणि टाइप करताना चुका सुधारायची. नोकरीतही मी टेस्टिंगलाच होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा सराव होता. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही आणि बाबा त्याचा अभिमान बाळगून होते. तो अभिमान मला मोडायचा नव्हता. आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर या माणसाने माझ्यासाठी पोळ्या करायला शिकून घेतल्या, गोल सुद्धा.

योगेशला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायला पाहिजे होतं. दर सोमवारी ठरवायची आणि दर शुक्रवारी पुढच्या सोमवारवर ढकलायची. मला भीती वाटायची. सातव्या रकान्याने काय होतं ते मी तीसेक अहवाल टाइप करून चांगलं पाहिलं होतं.

सिनेमानंतर आठवड्याने बाबा टपाल घेऊन आले आणि एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. अमरावतीहून, नागोराव ढोले यांचं. योगेशचे वडील. पुण्यात ओळखीचं कुणी नसल्याने जाहिरात वाचून लिहीत आहोत, खालील पत्त्यावरील मुलीची चौकशी करून मिळावी. खाली आमचाच पत्ता. 'मुलीचे वडील सर्वेक्षणाचे काम करतात असे मुलगा सांगतो. नेमके कसले, ते कळावे. घराण्यात काही आजार असल्यास स्पष्ट लिहावे. मुलगा एकुलता एक आहे.'

"परत पाठवा," मी म्हटलं.

"का?"

"अहो बाबा, आपलंच घर आहे!"

"म्हणून काय झालं? तीस वर्षांत एकही काम परत केलेलं नाही. आणि या पार्टीची माहिती माझ्याइतकी कुणाला असणार आहे?"

खरं सांगायचं तर मी आतून खूश झाले. सातव्या रकान्यात बाबा 'निरंक' लिहिणार, अगदी प्रामाणिकपणे, कारण त्यांना काही माहीतच नव्हतं. शिवाय गल्लीची तयारी मी आधीच करून ठेवली होती. चौकशी करणाऱ्याची मुलगी आहे मी. मुलाकडचे कधीतरी विचारायला येणार हे मला कळत होतं. आमच्याकडे ये-जा असलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, कोणी आमच्याबद्दल विचारलं तर बाबांच्या विसरण्याचं तेवढं बोलू नका.

त्या शनिवारी बाबा सकाळी नऊला कापडी पिशवी घेऊन निघाले. तासाभराने सवयीप्रमाणे मी मागून निघाले. फाट्याजवळ सिराजभाईंचं किल्ल्यांचं दुकान आहे. त्यांची मूळ जागा रविवार पेठेत, आजोबांच्या वेळची. इकडे इमारती आल्या तेव्हा कुलपंही येणार म्हणून ते इकडे आले.

"ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका," मला बघताच ते म्हणाले. "काका येऊन गेले. बोलले, श्रद्धाचं जमतंय, उद्या कोणी चौकशीला आलं तर तुम्ही काय सांगणार? मी बोललो, काका, तुमच्या विसरण्याचं आपल्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. ताईंनी केव्हाच सांगून ठेवलंय."

"मग?"

"मग बोलले, कसलं विसरणं? मला वाटलं मस्करी करतात. मी त्यांना हा खिळा दाखवला." भिंतीवर एका खिळ्याला आमच्या दाराच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. "बोललो, तुम्ही किल्ली हरवली म्हणून येता, मी यातली एक देतो. घरात जुनी सापडली की ताई आणून परत टांगतात. वर्षभरात नवीन बनवायची वेळच आली नाही."

"काका काय म्हणाले?"

"चांगलं केलंत, बोलले. किल्ल्या मोजल्या. चार आहेत. मग गेले."

मी जवळजवळ पळतच ज्ञानदेवच्या गोठ्यावर गेले. ज्ञानदेव मूळ धायरीचा. त्याच्या रानात आता आमची सोसायटी उभी आहे आणि त्याने उरलेल्या तुकड्यावर दोन म्हशी राखल्या आहेत.

"आवो ताई, आत्ताच काका गेलं," तो म्हणाला. "म्या म्हनलं, बिनघोर ऱ्हावा. तुमी सकाळच्याला दुधाला दोनदा येता त्ये म्या कुनाला सांगनार हाय व्हय? दुसऱ्या बारीला म्या म्हंतो, म्हस आटली."

"हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं की. त्यांनी इचारलं, म्हस कवा आटली? म्हनलं, आटली न्हाय, तुमच्यापुरती आटती."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नंदावहिनींकडे पोचले तेव्हा त्या चहाचे कप विसळत होत्या. दोन होते. बाबा आठवड्यातून एकदा तरी आमचं घर समजून त्यांची बेल वाजवतात, आणि त्या त्यांना चहा देऊन वर पाठवतात, हे मला माहीत होतं.

"तुम्ही मुळीच काळजी करू नका म्हटलं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही येऊन बसता, पडदे छान आहेत, कधी घेतलेस म्हणता, मी म्हणते परवाच. यात बाहेर सांगण्यासारखं काय आहे? त्यावर नुसते हसले गं. मग सगळ्या पडद्यांकडे नीट बघून गेले."

चौकशीला कोणीही येवो, काही बोलू नका, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. खुद्द बाबांसमोर बोलू नका, हे मात्र एकालाही सांगितलं नव्हतं. एवढं त्यांना कळेलच असं धरून चालले होते. टेस्टिंगमधल्या माणसाने काहीही धरून चालायचं नसतं. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

घरी आले तेव्हा बाबा टेबलाशी लिहीत होते. गेल्या वर्षाचा ऑक्टोबर महिना पालथा घातला होता. लिहून झाल्यावर पान माझ्याकडे सरकवलं.

"टाइप कर."

अक्षर नेहमीसारखं, उजवीकडे झुकलेलं. किती महिन्यांनी एकही खाडाखोड नव्हती.

'४. मुलीच्या वडिलांचा व्यवसाय: चौकशी.

'७. घराण्यात आजार: मुलीच्या वडिलांना विसर पडतो. सुमारे दोन वर्षे. तीन साक्षीदार, स्वतंत्र, विश्वासार्ह. वाढण्याचा संभव. वडिलांना आजपर्यंत याची कल्पना नव्हती.

'८. मुलीचा स्वभाव: मुलगी खोटे बोलते. एकाच विषयावर आणि फक्त वडिलांसाठी. तिने शेजाऱ्यांनाही खोटे बोलायला सांगितले आहे. ते आनंदाने तयार झाले, यावरून तिच्याविषयी लोकांचे मत कळावे. एरवी तोंडाने फटकळ.

'९. शिफारस: स्थळ चांगले आहे. वडिलांसकट स्वीकारता येत असेल तर पुढे जावे.'

मी वर बघितलं.

"अहवालही तूच सुधारत होतीस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"हडपसरच्या मुलापासून. एकोणतीस झाले."

"मला वाटत होतं, मी अजून तयार आहे कामात," ते म्हणाले.

मी रडायला लागले. चांगली मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि थांबले. दुसऱ्याचं रडणं संपेपर्यंत थांबायची त्यांना कामामुळे सवय होती.

"हे नका पाठवू, बाबा. मोडेल माझं लग्न."

"मोडेल कदाचित. या सातव्या रकान्याने मी बत्तीस लग्नं मोडली आहेत, श्रद्धा. त्याही कुणाच्या तरी मुली होत्या." मग टेबलावरची पेनं गोळा करत म्हणाले, "एवढ्या एका अहवालात काही दुरुस्त करू नकोस."

मी जसंच्या तसं टाइप केलं. छापून पाकिटात घातलं. पाकीट चिकटवलं मात्र नाही. सोमवारी ऑफिसला जाताना टाकू म्हटलं.

रविवारी सकाळी मी दूध तापवत होते, तेव्हा बाबा बाहेरचे कपडे घालून स्वयंपाकघरात आले. खांद्याला पिशवी, हातात नागोरावांचं पत्र.

"श्रद्धा, ही गंमत बघ. तुझ्याच चौकशीचं पत्र आलंय, अमरावतीहून. बरं झालं आपल्याकडेच आलं. आधी सिराजकडे जाऊन येतो."

त्यांचा चेहरा अगदी उत्साही होता. कालचं काहीही त्यांच्याकडे उरलेलं नव्हतं.

मी गॅस बारीक केला. पाकीट उघडंच होतं. सातव्या रकान्यात तीन अक्षरं घालायची होती, निरंक, आणि आठव्यातली चार वाक्यं काढायची. पाच मिनिटांचं काम. सिराजभाई, ज्ञानदेव आणि वहिनींना फोन करून सांगायचं की बाबांनी विचारलं तरी बोलू नका. यावेळी सांगायला मी विसरले नसते. बाबांना त्यांचा अभिमान परत मिळाला असता आणि मला योगेश. कुणालाही, कधीही कळलं नसतं.

दूध वर आलं तसा मी गॅस बंद केला. काही दुरुस्त करू नकोस, हे त्यांचं वाक्य आता जगात फक्त माझ्याकडे होतं. मी बदललं असतं तर ते कुणीच बोललं नव्हतं असं झालं असतं. ते मला जमेना.

"चौकशी झाली, बाबा," मी म्हटलं आणि पाकिटातला कागद त्यांच्या हातात दिला.

ते खुर्चीवर बसून वाचायला लागले. परक्या माणसाचं लिखाण वाचतात तसं, एकेका रकान्यावर बोट ठेवून. सातव्यावर बोट थांबलं.

"ही चौकशी कुणी केली?"

"तुम्हीच. काल."

"तीन साक्षीदार?"

"तीन."

"आपापसांत बोललेले नाहीत?"

"नाहीत."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"मग खरं असणार," ते म्हणाले. आठवा आणि नववा रकाना वाचून त्यांनी कागदाची नीट घडी केली. "अहवाल चांगला झालाय. पाकीट चिकटव. आत्ताच टाकून येऊ."

आम्ही दोघं जाऊन फाट्यावरच्या टपालपेटीत ते टाकून आलो. परत येताना ज्ञानदेवने हात केला. बाबांनीही केला.

पुढचे अकरा दिवस फार वाईट गेले. योगेश कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून क्रिकेटबद्दल बोलायचा. मी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत राहायची, दिसायचं नाही. स्वतःहून सांगायचं धैर्य अजूनही झालं नाही. टपाल आपलं काम करेल म्हणून गप्प राहिले, याची आजही लाज वाटते.

बाराव्या दिवशी टपाल पेटीत नागोरावांचं पत्र आलं, 'खात्री'च्या नावाने. मी बाबांना वाचून दाखवलं.

'आपला अहवाल मिळाला. सावधगिरी म्हणून आम्ही दुसऱ्या एका संस्थेकडूनही चौकशी करवली होती. त्यांनी शेजाऱ्यांना विचारून आजाराबाबत निरंक कळवले आहे. दोन अहवाल जुळेनात म्हणून मुलालाच बसवून विचारले. तो म्हणाला की सिनेमाच्या मध्यंतरात काकांनी मला तीनदा नाव विचारले, मी तीनदा सांगितले. मुलीच्या अजून लक्षात आले नसावे, तिला धक्का बसेल, म्हणून तो तिच्याशी बोलला नाही. म्हणजे आपलाच अहवाल खरा. माझी पत्नी इंदुबाई हिने माझ्या वडिलांचे याच आजारात सहा वर्षे केले आहे, त्यामुळे आम्हाला हे नवीन नाही. आम्ही वडिलांसकट पुढे जात आहोत. एकच शंका आहे. रकाना चारमध्ये आपण मुलीच्या वडिलांचा व्यवसाय चौकशी असा लिहिला आहे. कोणत्या संस्थेत, ते कळावे.'

पुन्हा एकदा वाचायला सांगून बाबांनी ते डोळे मिटून ऐकलं. सिनेमातल्या त्या इन्स्पेक्टरसारखीच माझी गत झाली होती. सगळ्या थिएटरला माहीत आणि मी आपली गोदामातून पळत होते.

"उत्तर घे," बाबा म्हणाले. "संस्था हीच. मुलीचे वडील आजपासून निवृत्त झाले असून यापुढे कोणतेही काम स्वीकारले जाणार नाही. कळावे."

मी लिहून घेतलं. पाकिटावर अमरावतीचा पत्ता घातला, तेवढ्यात त्यांनी विचारलं.

"मुलाचं नाव काय म्हणालीस?"

"योगेश."

त्यांनी पिशवीतून कॅलेंडरचं एक कोरं पान काढलं, खिशातलं पेन काढलं आणि माझ्यासमोर बसून लिहिलं: योगेश. श्रद्धाचा नवरा. तीस वर्षांत समोर माणूस असताना त्यांनी कागद काढलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आडनाव?"

"ढोले."

तेही लिहिलं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

"आणखी काय काय लिहून ठेवायला हवं, ते सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."

मी खुर्ची जवळ ओढली आणि आईच्या नावापासून सुरुवात केली.